सीएनसी घेण्याआधी

प्रश्न: आदरणीय सर, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला व्यवस्थापनाचा एक पेपर आहे. त्यात फेयॉलची 14 तत्त्वे पाठ करावी लागतात. इचलकरंजीत वडिलांचा दोन लेथचा छोटा वर्कशॉप आहे. पास झालो की कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, घ्यायचा विचार आहे. ड्रॉइंग वाचता येतं, प्रोग्रॅमिंग येतं. मग या पेपरचा मला उपयोग काय? – एक विद्यार्थी

उत्तर: आधी एक सांगतो, कारण वर्गात हे सहसा सांगत नाहीत. हेन्री फेयॉल खाणकाम इंजिनिअर होते. फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीत ते 1860 साली कामाला लागले. 1888 मध्ये कंपनी बुडायच्या बेतात असताना तिचा कारभार त्यांच्याकडे आला आणि त्यांनी ती सावरली. ती तत्त्वे त्यांनी 1916 मध्ये, आयुष्यभराच्या अनुभवानंतर मांडली. म्हणजे तुझ्यासारख्याच माणसाने लिहिलेलं आहे ते. पण पाठांतर बाजूला ठेव, तुझ्या सीएनसीचाच हिशेब करू.

आकडे मी धरलेले आहेत, तू तुझे घाल. मशीनचा हप्ता 38,000, शेडचं भाडं 15,000, दोन ऑपरेटरचे पगार 44,000, किरकोळ 11,000. महिन्याला 1,08,000 रुपये. मशीन चालो वा बंद राहो, हे जाणारच. जॉब वर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा माल घडवून देण्याचा दर नगाला 30 रुपये. त्यातले इन्सर्ट (कापणारी बदलती टोकं), वीज, कूलंट (थंड ठेवणारं द्रव), वाहतूक मिळून 6 रुपये गेले, उरले 24. आता 1,08,000 ला 24 ने भाग. 4,500 नग. इतके निघाले की ना नफा, ना तोटा.

निघतील का? एका नगाला कटिंग 4 मिनिटं आणि लावणं-काढणं-मोजणं 1 मिनिट, म्हणजे तासाला 12. आठ तासांच्या शिफ्टमध्ये सेटिंग, इन्सर्ट बदलणं, नाष्टा वजा जाता 7 तास हाती लागतात. शिफ्टला 84 नग. दोन शिफ्ट, 25 दिवस: 4,200. दिवसरात्र राबूनही तोटाच!

आता तुझं इंजिनिअरिंग इथे कामाला येतं. नग झटकन पकडणारा हायड्रॉलिक चक घेतला, त्याचे सॉफ्ट जॉ (पकडीचे मऊ जबडे) नीट बोअर केले, फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) तपासला आणि नगामागे एक मिनिट वाचवलं, तर तासाला 15, महिन्याला 5,250 नग होतात. 750 नग वर, म्हणजे 18,000 रुपये शिल्लक. ते एक मिनिट कुठून काढायचं हे तुला कळतं आणि ते काढलंच पाहिजे हे त्या पेपरमधला ब्रेक-इव्हन, म्हणजे वरचा ना नफा ना तोट्याचा हिशेब, सांगतो. मला हे दोन्ही एकत्र कुणी शिकवलं नाही, म्हणून इतकं तळमळीने लिहितोय.

आणि खरा घात याच्या पुढे आहे. 1997 साली शिरोली एमआयडीसीत मी शेड घेतली. पहिले तीन महिने ऑर्डर भरपूर, वहीत नफा दिसत होता आणि शनिवारी कामगारांना द्यायला पैसे नव्हते. ज्या एकाच कंपनीला मी सगळा माल देत होतो तिथे तीन वेळा गेलो. दर वेळी उत्तर एकच, पुढच्या आठवड्यात बघू. शेवटी शेजारच्या शेडवाल्याकडून 12,000 उसने घेऊन पगार भागवला. नफा आणि हातातली रोकड वेगळी असते हे मी त्या शनिवारी शिकलो.

तुझ्या हिशेबात 5,250 नगांना महिन्याचा एकूण खर्च 1,39,500 होतो. बिल 90 दिवसांनी सुटलं, तर पहिला रुपया यायच्या आत चार लाखांच्या वर जवळचे गेलेले असतील. शिवाय पैसे आले नसले तरी बिलावरचा जीएसटी भरावाच लागतो. मशीनचं कर्ज मागताना हे खेळतं भांडवलही मागायचं असतं. बहुतेक मुलं फक्त मशीनचं कोटेशन घेऊन बँकेत जातात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मात्र पहिल्याच दिवशी कर. 2006 च्या कायद्यानुसार लहान उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. पण एकच गिऱ्हाईक असेल तर हा कायदा दाखवायला जीभ रेटत नाही. म्हणून आधी वर्षभरात तीन तरी गिऱ्हाइकं जोड, भले एखाद्याचा दर रुपयाने कमी असो.

या सुट्टीत वडिलांजवळ बस. ते रागावतील, आपली वही पोरानं तपासावी हे कुणालाच रुचत नाही. म्हणून तपासतोय असं म्हणू नकोस, शिकवा म्हण. गेल्या 12 महिन्यांची बिलं काढ. एका रकान्यात बिलाची तारीख, दुसऱ्यात पैसे आले ती तारीख. मधले दिवस मोज आणि सरासरी मला कळव. त्यावरून मशीन नवं घ्यायचं, वापरलेलं घ्यायचं की आणखी वर्षभर थांबायचं, ते पुढच्या अंकात बघू.