आजीचा शालू, रोल पॉलिश आणि महालक्ष्म्यांचे हळदीकुंकू

तुमच्या प्रश्नातील एका वाक्यापाशी मी थबकले. आजीचा 1950च्या दशकातील जांभळा बनारसी शालू यंदा महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला नेसायचा म्हणून तुम्ही तो नेसून पाहिला, खुर्चीवर बसताना कमरेपाशी ‘चर्र’ असा बारीक आवाज आला आणि घडीच्या रेषेवर शालू दोन बोटे उसवला, असे तुम्ही लिहिले आहे. आता बाजारातील एक दुकानदार रोल पॉलिश करून तो नव्यासारखा करून देतो म्हणत आहे, तर शनिवारी द्यावा का, आणि त्यावर त्या काळाला शोभेल असा मेकअप कसा करावा, हे तुमचे दोन प्रश्न. तो ‘चर्र’ आवाज मी ओळखते. आमच्या इंदूरच्या घरात तो 2022च्या भाद्रपदात ऐकू आला होता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात सांगते : नका. साडी मलमलीत गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, या गोष्टी तुम्हाला माहीत असतीलच, म्हणून त्या सोडून देते आणि जिथे माझे सर्वांत मोठे नुकसान झाले तेवढेच सविस्तर लिहिते.

माझ्या आजीचा डाळिंबी शालू 1957 साली तिच्या लग्नात घेतलेला होता. महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या असताना तो कमरेपाशी उसवला आणि मी घाबरून, कोणालाही न विचारता, तो एका दुकानात घेऊन गेले. गल्ल्यावरच्या माणसाने जरीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘दीदी, एकदम नई हो जाएगी.’ मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण मला तेच ऐकायचे होते. रोल पॉलिश म्हणजे नेमके काय करतात हे मी नंतर, एका दुसऱ्या ठिकाणी उभी राहून पाहिले. साडी ओलसर करतात, तिला खळ देतात, पन्ह्याच्या दिशेने ताणतात आणि रुळांवरून कोरडी, कडक करून काढतात. नव्या साडीला याने काही होत नाही, उलट ती छान दिसते. पण साठ-सत्तर वर्षांचे रेशीम हे वरून कितीही तुकतुकीत दिसले तरी आतून वाळक्या पानासारखे झालेले असते. उजेड, घाम, पेटीतली उन्हाळ्याची धग आणि वर्षानुवर्षे त्याच रेषेवर पडलेली घडी, या सर्वांनी धाग्यातला चिवटपणा संपलेला असतो. पूर्वी काही रेशमांना वजन आणि सळसळ यावी म्हणून धातूंच्या क्षारांत बुडवत असत, असे रेशीम तर आणखी लवकर तडकते. त्याला तुम्ही ताण द्याल तर ते ताणले जाणार नाही, तुटेल.

शालू परत आला तेव्हा तो चकचकीत, ताठ आणि पुठ्ठ्यावर घडी घातलेला होता. घरी पलंगावर उलगडला तर प्रत्येक घडीवर चीर होती. मी मोजल्या, चौदा होत्या. पदरावर तर रेशीम विरून गेले होते आणि खऱ्या जरीचे बुट्टे तेवढे जाळीसारखे लोंबत होते. माझी आई काहीही बोलली नाही, तिने तो उचलून पुन्हा मलमलीत ठेवला. त्यापेक्षा ती चार शब्द बोलली असती तर बरे झाले असते.

दुकानदाराने पावती पालथी करून दाखवली. मागे बारीक अक्षरांत छापले होते की नुकसान झाल्यास धुलाईच्या दराच्या दहापटीपेक्षा जास्त रक्कम मिळणार नाही. दर साडेतीनशे रुपये होता, म्हणजे आजीच्या शालूची किंमत साडेतीन हजार. वर त्याने उदार होऊन असेही सुचवले की जरी चांदीची आहे, ती वितळवून घ्या, वजनाने पैसे येतील. (जाता जाता : गल्लीत ‘पुरानी जरी की साड़ी’ अशी हाळी देत फिरणारे लोकही याच हिशेबाने साडी घेतात. त्यांना एकही साडी देऊ नका. त्यांच्या तागडीवर फक्त चांदी असते.)

मग मी एका कार्यालयात गेले. त्याचे नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिथे मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : साडीचे मूळ बिल कुठे आहे? 1957चे बिल! जे दुकान तेव्हा होते ते आता नाही, ज्यांनी ते बिल भरले ते पणजोबा नाहीत, आणि लग्नाच्या शालूचे बिल जपून ठेवण्याची पद्धत आमच्या घरात तरी नव्हती. बिल नाही तर पुरावा आणा, असे ठरले. मी आजीच्या लग्नातला स्टुडिओतला फोटो नेला. तो कृष्णधवल आहे. समोरच्या गृहस्थांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले की फोटोतली साडी काळी दिसते, तुमची तर लाल आहे, तेव्हा ही तीच कशावरून? मला त्या क्षणी हसू आले होते आणि घरी येईपर्यंत रडू. त्यानंतर ‘पुढच्या सोमवारी या’ असे किती सोमवार गेले त्याची मोजदाद मी ठेवली नाही, आणि दोन वर्षे उलटल्यावर मला शांतपणे सांगण्यात आले की हे काम मुळात त्यांच्याकडचे नाही.

मी वकील नाही, तेव्हा पुढचे एखाद्या जाणकाराकडून पडताळून घ्या. पण त्या दोन वर्षांत मला कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते, अशी माहिती अशी आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि इथे मोजलेली रक्कम म्हणजे धुलाईचे साडेतीनशे रुपये, साडीची किंमत नव्हे, म्हणजेच हातात हवी ती दुकानाची पावती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मुदत दोन वर्षांची. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण तोपर्यंत माझ्यातला उत्साहच संपला होता. नुकसान दुकानाने केले खरे, पण मला जास्त राग त्या सोमवारांचा आहे.

असो. तुमच्या शालूकडे येते. शालू नेसायचाच असेल तर माझे मत थोडे कठोर आहे : यंदा नेसू नका. दोन बोटांची चीर आज कमरेपाशी आहे, हळदीकुंकवाच्या दिवशी वाकून पाया पडताना ती मांडीपर्यंत जाईल. त्याला फॉल लावू नका, कारण आजचा पॉलिएस्टरचा मजबूत दोरा जुन्या रेशमाला सुरीसारखा कापतो. साधा रफूही नको, रफू आजूबाजूचे धागे ओढतो आणि नवी चीर शेजारी सुरू होते. सणांची धांदल संपल्यावर एखाद्या सावकाश काम करणाऱ्या बाईंकडून चिरेच्या मागे मऊ मलमल ठेवून, एकेरी रेशमी धाग्याने, हलक्या हाताने टाके घालून घ्या. तोपर्यंत तो जुन्या घडीवर न ठेवता गुंडाळून ठेवा. घरातील थोरांना त्या दिवशी शालू दिसायलाच हवा असेल, तर आरतीपुरता पदर तेवढा खांद्यावरून उपरण्यासारखा घ्या, पिन न लावता. त्या दिवशी अत्तर आणि फवारा, दोन्ही शालूपासून दूर राहू द्या.

मग अंगावर काय? आपण इंदूरकरांनी या प्रश्नावर फार डोके खाजवू नये, महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटरवर आहे. अहिल्याबाईंच्या आश्रयाने तिथे जी विणकामाची परंपरा रुजली तिची साडी आपल्या आज्यांच्या पेटीत शालूच्या खालीच असायची. जांभळी, गर्भरेशमी (रेशीम आणि सूत मिळून विणलेली) महेश्वरी घ्या, काठ लहरीचा किंवा चटईचा घ्या, पदरावर ते पाच पट्टे असलेले पाहून घ्या. तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्याला बुगडी म्हणतात, त्यामुळे पदर उलटसुलट कसाही पडला तरी चालतो आणि वाढायला उभे राहिल्यावर सारखा सावरावा लागत नाही. एक बारीकसा सल्ला : ती सीतलामाता बाजारात घेत असाल तर हातमागाची की यंत्रमागाची हे दुकानदाराच्या तोंडून न ऐकता कापड उलटे करून आपल्या डोळ्यांनी पाहा.

जुना काळ साडीपेक्षा ब्लाउजमध्ये जास्त असतो, हे माझे ठाम मत आहे. आजी-पणजीचे फोटो नीट पाहा : बाही कोपरापर्यंत, गळा बंद किंवा लहान, पाठ झाकलेली. थोड्या आधीच्या काळात खांद्याशी फुगा असे. आजचा खोल गळ्याचा, मागे लटकन बांधलेला ब्लाउज घालून वर नथ आणि अंबाडा केला की तो काळ दिसत नाही, नाटकाचा प्रयोग दिसतो. शिंप्याला तोंडी सांगू नका, फोटो दाखवा, आणि सणाच्या आधी किमान तीन आठवडे द्या. मी हे वाक्य लिहिताना हसते आहे, कारण मी स्वतः कधी तीन आठवडे आधी दिलेला नाही.

आता मेकअप. तुम्ही पंख काढलेले काजळ, गडद मरून ओठ आणि नथ, असे तिन्ही एकत्र करणार आहात. कोणत्या फोटोवरून ठरवले, हे तुम्ही लिहिले नाही, पण मला अंदाज आहे, आणि इथे त्या कार्यालयातल्या गृहस्थांचे मी उशिरा का होईना आभार मानते. त्यांच्या प्रश्नामुळे मी चौकशी केली आणि मला कळले की जुन्या स्टुडिओंत वापरली जाणारी एक प्रकारची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल वस्तू तिच्यावर काळी उमटत असे. माझ्या आजीचा डाळिंबी शालू फोटोत काळा दिसतो तो याच कारणाने असावा. तिचे कुंकूही काळे दिसते. आणि जुन्या फोटोंमधले ते काळसर ओठ, ज्यांना आपण ‘त्या काळची गडद लिपस्टिक’ समजून आज मरून रंग विकत घेतो, ते पुष्कळदा साधे विड्याने रंगलेले किंवा नुसते नैसर्गिक लालसर ओठ असतात. शिवाय स्टुडिओवाले काचेवर किंवा फिल्मवर पेन्सिलीने भुवया आणि गाल दुरुस्त करून देत. तेव्हा कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवू नका.

दुसरे असे की 1950च्या दशकातला पडद्यावरचा चेहरा आणि त्याच दशकातला घरातला चेहरा, हे दोन वेगळे चेहरे आहेत. पडद्यावर लाल ओठ आणि रेखीव डोळे होते, लॅक्मेची सौंदर्यप्रसाधने 1952पासून बाजारात आली होती, हे सर्व खरे. पण इंदूरच्या रामबागेतल्या किंवा मल्हारगंजातल्या मराठी घरात महालक्ष्म्यांच्या दिवशी वाढायला उभी राहिलेली बाई चेहऱ्याला स्नो, म्हणजे त्या काळचे पांढरे क्रीम, लावत असे (अफगाण स्नो 1919पासून मिळत होता), वरून पावडर, डोळ्यांत घरचे काजळ आणि कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू, बस. दोन्ही चेहरे सुंदर आहेत, फक्त एकाच आरशात दोन्ही नकोत. नथ घालणार असाल तर माझे मत दुसऱ्या चेहऱ्याला. पहिलाच हवा असेल तर नथेऐवजी कानात मोत्यांच्या कुड्या आणि गळ्यात तन्मणी घ्या, आणि मग लाल ओठ खुशाल रंगवा. आणि 1930चे दशक हवे असेल तर परदेशी चित्रे शोधण्याची गरज नाही, इंदूरचे होळकर महाराज, माणिकबाग राजवाड्याचे यशवंतराव, आणि त्यांच्या पत्नी संयोगिताराणी यांची अमेरिकन छायाचित्रकार मॅन रे यांनी काढलेली छायाचित्रे पाहा, साधेपणा कसा मिरवावा हे त्यांतून समजते.

लाल ओठ आणि नथ दोन्ही ठेवायचेच असतील, तर लिपस्टिक आधी लावा, कागदाने टिपून घ्या, पुन्हा एक हलका हात फिरवा आणि मगच नथ घाला. उलट क्रमाने केले तर मोत्यांना रंग लागतो आणि नथ सारखी करताना तो हनुवटीवर येतो. भाद्रपदातली दमट हवा आणि पन्नास बायकांचे हळदीकुंकू यांत डोळ्यांच्या कडेचा पंख संध्याकाळपर्यंत गालावर उतरतो, म्हणून काजळावर थोडी पावडर दाबा आणि खालच्या पापणीला काजळ लावूच नका.

आजीच्या डबीतले काजळ, कुंकू किंवा लिपस्टिक हौसेनेसुद्धा वापरू नका. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, पण काही प्रकारच्या सुरम्यात आणि शेंदरात शिसे असते, आणि डब्यातले जुने तेल खवट झालेले असते, एवढे माहीत असणे पुरेसे आहे. डबी ताटात ठेवा, फोटोत छान दिसते.

एवढे लिहूनही तुमच्या आईंच्या आग्रहास्तव शालू शनिवारी द्यावाच लागला, तर चीर किती बोटांची आहे हे मोजून, ‘जुने रेशीम, रोल करू नये, ताण व उष्णता देऊ नये’ असे पावतीवर दुकानदाराच्या हातून लिहून घ्या, आणि गल्ल्यावरच शालू उलगडून पावतीसह फोटो काढा. त्याने लिहून द्यायला नकार दिला तर त्याच मलमलीत शालू गुंडाळून घरी या.