‘माज’ ग्राम्य नाही

प्रश्न मोहोळहून आलाय. विचारणाऱ्या ताई दुधाच्या धंद्यावर लेख लिहीत आहेत. ‘गाय माजावर आली’ हे छापायला ग्राम्य दिसतं का, त्यापेक्षा ‘हीटवर आली’ बरं का, आणि माणसाला चढतो तो माज हाच का, असं त्या विचारतात.

ग्राम्य अजिबात नाही, खुशाल लिहा. मला चीड आहे ती ‘हीट’ची. आपल्या जिल्ह्यात कुठल्याही गोठ्यावर जा, रेतन करायला आलेला माणूस ‘हीट कधी आली?’ असंच विचारतो, आणि मालकही ‘काल सांजच्याला’ म्हणून मान डोलावतो. पंढरपुरी म्हैस आणि खिल्लार जनावर ज्या मातीतलं, तिथे माज, मुका माज (बाहेर लक्षणं न दिसणारा), सोट (माजातला चिकट स्राव), फळणं (गाभ धरणं), उलटणं (गाभ न राहता पुन्हा माजावर येणं) असे नेमके शब्द पडून राहतात, आणि ‘हीट’ने काय कळतं? अंगातली उष्णता. ज्याचा इथे काही संबंध नाही.

गर्व, मस्ती, शेतात तण माजणं हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देऊ. मूळ बघा. संस्कृतात मद् धातू, ‘माद्यति’ म्हणजे धुंद होतो. प्राकृतात ‘मज्जइ’, मराठीत ‘माजणे’. अद्यचं आज झालं, विद्युत्‌ची वीज झाली, वाद्यतेचं वाजणं झालं, त्याच वाटेने हा शब्द आला. एक विद्वान गृहस्थ दर वेळी ‘माज हा मिजाजचा अपभ्रंश’ म्हणून ठोकून देतात. मिजाज अरबी, त्याचं मूळ ‘मिसळणे’, आणि त्यापासून आपल्याकडे मिजास आली, ती अजून धडधाकट आहे. गाय मिजासीवर आल्याचं कुणी ऐकलंय का? नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती करू नये, एवढं तरी पाळावं.

आता खरी गंमत. मद् धातूला ‘त’ लागला की संस्कृतात होतं ‘मत्त’. इराणी भाषांत अशा जागी दोन दंत्य व्यंजनं भेटली की ‘स्त’ होतो, म्हणून फारसीत तोच शब्द झाला ‘मस्त’. आपण ‘लई माज आलाय का बे?’ म्हणतो आणि पुढच्याच दमात ‘मस्ती आली का?’ म्हणतो, ते एकाच धातूचे दोन फाटे आहेत. सोलापुरात तर हे घराणं चार भाषांत नांदतं: मराठीत माज, कन्नडात मद, तेलुगूत मदम्, उर्दूत मस्ती. इंग्रज हत्तीच्या माजाला ‘मस्थ’ म्हणतात, तोही हाच फारसी शब्द.

आणि मद म्हणजे नुसती धुंदी नव्हे. हत्तीच्या डोळा आणि कान यांच्यामध्ये जी ग्रंथी असते, तिच्यातून माजाच्या काळात झरणारा रस म्हणजेही मद. कस्तुरी म्हणजे मृगमद. माजलेल्या हत्तीला संस्कृतात नाव आहे गंधगज, ज्याच्या नुसत्या वासाने दुसरे हत्ती मागे सरतात तो. मदावर भुंगे जमतात हे संस्कृत काव्यातलं वर्णन टीकाकार ‘कविसंकेत’ म्हणून निकालात काढतात. त्यांनी २००२ सालचा ‘नेचर’ उघडावा. रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तरुण आशियाई नराच्या मदाला मधासारखा गोड वास असतो, वय वाढलं की तोच उग्र होत जातो. कवींनी पाहिलं होतं, टीकाकारांनी नाही.

यावरून माझं एक मत बनलंय, आणि ते मी सोडणार नाही. संस्कृत ‘दर्प’ म्हणजे घमेंड. मराठीत दर्प म्हणजे नाकात घुसणारा वास. एकच शब्द घमेंडीतून वासात कसा उतरला? माजावर आलेल्या बोकडाजवळ उभे राहा, म्हणजे कळेल. घमेंड, माज आणि वास हे तिन्ही त्या एका जनावरात एकत्र भेटतात. भाषेने ती गाठ जनावराकडे बघून बांधली. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये बोकडाच्या केसांतून ४-इथिलऑक्टॅनाल हे रसायन वेगळं केलं. त्याचा वास नाकात गेला की शेळीच्या मेंदूत प्रजननाचं संप्रेरक सोडवणारं केंद्र चेततं. दर्प थेट मेंदूपर्यंत पोचतो, तो असा.

वळूचं बघा. तो गाईचं मूत हुंगतो, चाटतो, मग मान उंचावून वरचा ओठ दुमडून काही क्षण तसाच थांबतो. तो हसत नाही. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथल्या कडक हिरडीमागे टाळूला दोन बारीक भोकं असतात. त्यांतून तो ओलावा नाकाच्या पडद्याच्या तळाशी असलेल्या एका नळीवजा इंद्रियात ओढला जातो. डेन्मार्कच्या लुडविग जेकबसन यांनी १८१३ मध्ये त्याचं वर्णन केलं. साध्या वासाचे ग्राहक नाकाच्या छताशी असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी त्यांची जनुकं १९९१ मध्ये शोधली, २००४ चं नोबेल त्यासाठीच. जेकबसनच्या इंद्रियाच्या तारा मात्र मेंदूतल्या वेगळ्या छोट्या गंधकेंद्रात जातात आणि तिथून अमिग्डला व हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भावना आणि संप्रेरकं सांभाळणाऱ्या भागांकडे. म्हणून म्हशीचा मुका माज मालकाच्या नजरेतून सुटतो, रेड्याच्या नाकातून सुटत नाही. अर्थात सगळं याच वाटेने जातं असं नाही. डुकराच्या नराचा वास मादी साध्या नाकानेच ओळखते.

‘कामगंध’ या शब्दावरही बोलायलाच हवं. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीसाठी ‘कामगंध सापळा’ म्हणतात, ते चोख आहे. मादीचाच गंध वापरून नराला फसवायचं असतं. पण हल्ली प्रत्येक फेरोमोनला कामगंध म्हणण्याची टूम निघालीय, ती चूक. कार्लसन आणि ल्यूशर यांनी १९५९ मध्ये फेरोमोन हा शब्द घडवला, तो एकाच जातीच्या जिवांमध्ये निरोप नेणाऱ्या कुठल्याही रसायनासाठी. मुंगीची वाट दाखवणारा वास त्यात येतो. सशिणीच्या दुधातल्या ज्या वासाने आंधळी पिल्लं आचळ शोधतात, तोही येतो. त्याला कामगंध म्हणायचं? आईच्या दुधाला? आणि ‘फेरोमोनवालं’ म्हणून अत्तर विकणाऱ्यांनी तर गप्पच बसावं. उंदराच्या जेकबसनच्या इंद्रियाला चालवणारं टीआरपीसी२ हे जनुक माणसात मोडकं आहे, आणि माणसाचं एकही फेरोमोन आजवर निर्विवाद सिद्ध झालेलं नाही. अत्तराला सुवास म्हणा, तेवढा पुरे.

तर ताई, माणसाचा माज आणि गाईचा माज एकच शब्द. लेखात ‘माजावर येणे’, ‘मुका माज’, ‘सोट’ असंच लिहा. संपादकांनी ‘ऋतुकाळ’ सुचवला तर तोही चालेल, ‘हीट’ मात्र छापू देऊ नका.