डे रेट सोडून पगारावर जावं का?

प्रश्न: मी ब्रिटनमध्ये रेडिंगला राहते, डेटा इंजिनियर आहे. २०२२पासून स्वतःच्या लिमिटेड कंपनीमार्फत, एका एजन्सीतून, एका मोठ्या विमा कंपनीचं काम करते. सुरुवातीला जुना डेटा नव्या सिस्टिमवर हलवायचा प्रोजेक्ट होता आणि क्लायंटने मला ‘आउटसाइड आयआर३५’, म्हणजे करासाठी नोकर नव्हे तर स्वतंत्र व्यावसायिक, ठरवलं होतं. प्रोजेक्ट गेल्या वर्षी संपला. आता रोजचा सपोर्ट बघते. पूर्वी न येण्याचे दिवस नुसते कळवत असे, आता दिवाळीची सुट्टीसुद्धा त्यांच्या पोर्टलवर मंजूर करून घ्यावी लागते. ऑन-कॉलच्या पाळीतही नाव असतं. या रिन्युअलला क्लायंटने दोन पर्याय दिलेत: अंब्रेलामार्फत (कागदोपत्री नोकरीवर ठेवून पगार देणारी मधली कंपनी) ‘इनसाइड’, म्हणजे कर नोकरासारखा, डे रेट तोच ४५० पौंड, नाहीतर ७२,००० पौंड पगार, वर ८ टक्के पेन्शन, आणि नोकरी कायमची. वर्षाला २२० दिवस धरले तर २७,००० पौंडांवर पाणी सोडायचं का? शिवाय मैत्रीण म्हणते, पर्म (कायमची नोकर) झालीस की एचएमआरसी (इथलं कर खातं) म्हणणार, तू पहिल्यापासून नोकरच होतीस. माझे यजमानही कॉन्ट्रॅक्टरच आहेत.

उत्तर: आधी तो २७,०००चा आकडा मनातून काढा. तो तुमची झोप घालवतोय आणि तो खरा नाही.

४५० गुणिले २२० म्हणजे ९९,०००, इथपर्यंत बरोबर. पण अंब्रेलामध्ये ४५० हा तुमचा पगार नसतो. तो एजन्सीने अंब्रेलाला द्यायचा दर असतो आणि मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्सही (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) त्यातूनच जातो: वर्षाला ५,००० पौंडांच्या वरच्या पगारावर १५ टक्के. शिवाय अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही, हाही मालकावरचाच कर. हे सगळं गेल्यावर उरतात साधारण ८६,००० पौंड. तुमचा स्वतःचा आयकर आणि तुमचा नॅशनल इन्शुरन्स त्यानंतर. अंब्रेलाचं मार्जिन, म्हणजे तिची फी, वेगळंच. पे-स्लिपवर ‘हॉलिडे पे’ दिसेल, तोही तुमच्याच पैशांतून बाजूला काढलेला असतो.

दुसऱ्या बाजूला ७२,००० आणि ८ टक्के पेन्शन मिळून ७७,७६० होतात, आणि सुट्ट्या भरपगारी. म्हणजे फरक साडेआठ हजारांच्या आसपास. कुठल्याही वर्षी एक महिना काम मिळालं नाही की तेवढे पैसे गेलेच. थोडा पगार आणि बाकी डिव्हिडंड हा तुमचा जुना हिशेब आता समोर नाहीच, त्याच्याशी तुलना करून जिवाला त्रास करून घेऊ नका.

आता मैत्रिणीने घातलेली भीती. नोकरी पत्करली म्हणून मागचा काळ आपोआप नोकरीचा होत नाही. स्टेटस, म्हणजे नोकर की स्वतंत्र, ठरतं ते त्या त्या वेळचा करार आणि त्या त्या वेळी काम प्रत्यक्ष कसं चाललं होतं यावरून. १९६८च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यापासून न्यायालयं मुख्यतः हेच तपासत आली आहेत: काम तुम्हालाच करावं लागतं की दुसरं कोणी पाठवता येतं, कामावर ताबा कुणाचा, आणि काम देण्याघेण्याचं बंधन दोघांवर आहे का. तुमचा मायग्रेशनचा प्रोजेक्ट ठरलेल्या कामासाठी होता आणि तो संपला. ती वर्षं मला भक्कम वाटतात. त्या काळातले कामाचे तपशील, क्लायंटचं स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट (इनसाइड की आउटसाइड हे सांगणारं पत्र), न येण्याचे दिवस नुसते कळवल्याचे ईमेल, सगळं जपून ठेवा. क्लायंटच्या लॅपटॉपवर नको, स्वतःकडे.

कच्चा भाग आहे तो सपोर्ट सुरू झाल्यानंतरचा. सुट्टीला मंजुरी, पाळीत नाव, आणि तरी करार जुनाच आउटसाइडचा. पण इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. ६ एप्रिल २०२१पासून खासगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या क्लायंटना स्टेटस स्वतः ठरवावं लागतं. ते चुकलं तर वसुली पैसे देणाऱ्या एजन्सीकडून होते, किंवा क्लायंटने पुरेशी काळजी घेतली नसेल तर क्लायंटकडून. तुम्ही खोटी माहिती दिलेली नसेल तर तुमच्या कंपनीकडून नाही. एप्रिल २०२४पासून तुमच्या कंपनीने भरलेला करही त्या वसुलीतून वळता करता येतो. मात्र एजन्सीच्या करारातलं ‘इंडेम्निटी’चं कलम काढून वाचा. कर मागे लागला तर तो कॉन्ट्रॅक्टरच्या कंपनीने भरून द्यावा, असं काही एजन्स्या तिथे लिहून ठेवतात. तसं असेल तर ते वकिलाला दाखवा. (ज्या वाचकांचा क्लायंट लहान कंपनी आहे त्यांना हा दिलासा नाही, तिथे जबाबदारी अजूनही स्वतःच्या कंपनीचीच.)

इनसाइडच्या निर्णयाला लेखी हरकत घेता येते आणि क्लायंटला ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या जागी मी ती घेणार नाही. तुम्ही सांगितलेलं आजचं काम नोकरीचंच आहे.

म्हणून मी पर्मच्या बाजूने आहे. कर नोकराइतका भरायचा आणि क्लायंटने पुढच्या आठवड्यात या म्हटलं नाही तर त्याच्याकडे मागायला काही नाही, हे मला मनापासून खटकतं. अंब्रेला कागदोपत्री तुमची मालक असते, पण काम थांबवणं क्लायंटच्या हातात राहतं. त्यात घरातली दोन्ही उत्पन्नं कंत्राटी. एक तरी पक्कं असलेलं बरं.

पण ७२,०००ला लगेच हो म्हणू नका. तुम्ही त्यांना आज ९९,००० पडता, शिवाय एजन्सीचं कमिशन. ७२,०००वर नेमलं तर नॅशनल इन्शुरन्स, लेव्ही आणि पेन्शन धरून त्यांचा खर्च जेमतेम ८८,०००. ७६,००० मागा, तेव्हाही त्यांना ९३,०००च्या आसपासच पडेल. कॉन्ट्रॅक्टची वर्षं सहसा सेवेत धरत नाहीत, आणि कायद्याने मिळणाऱ्या रिडंडन्सी पेसाठी (पद रद्द झाल्यास मिळणारी भरपाई) दोन वर्षांची सेवा लागते. त्यामुळे प्रोबेशन नको आणि नोटीस तीन महिन्यांची हवी, हे दोन्ही मागा. माझ्या मते चार हजारांपेक्षा नोटीस जास्त मोलाची.

कंपनी घाईने बंद करू नका. साठलेला नफा २५,००० पौंडांपर्यंत असेल तर साध्या स्ट्राइक-ऑफने (कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढून) भागतं. जास्त असेल तर लिक्विडेटर नेमून मेंबर्स व्हॉलंटरी लिक्विडेशन (मालकांनी स्वतःहून कंपनी गुंडाळणं) करतात. तेव्हा पैसे भांडवली नफा म्हणून हातात येतात आणि अटी पुऱ्या झाल्या तर ६ एप्रिल २०२६पासून दर १८ टक्के आहे. पण दोन वर्षांच्या आत पुन्हा तसाच व्यवसाय सुरू केलात तर त्या रकमेवर डिव्हिडंडसारखा कर लागू शकतो. नोकरी मानवते की नाही याची खात्री नसेल, तर वर्षभर कंपनी डॉरमंट (कुठलाही व्यवहार न करता) ठेवणं सोयीचं.

होकार कळवण्याआधी एजन्सीचा करार आणखी एका गोष्टीसाठी उघडा: क्लायंटकडे थेट जाण्यावर किती महिन्यांची बंदी आहे. कंपनीमार्फत काम करणाऱ्यांकडून एजन्स्या सुरुवातीलाच ‘ऑप्ट-आउट’वर (कायद्याचं संरक्षण सोडल्याचा कागद) सही घेतात, आणि मग एजन्सीच्या ट्रान्स्फर फीवर (माणूस थेट नोकरीवर घेतला की एजन्सी मागते ती फी) कायद्याने घातलेली मुदत लागू होत नाही. ती फी क्लायंटने द्यायची असते. एजन्सीशी बोलणी क्लायंटलाच करू द्या, आणि एजन्सीची हरकत नसल्याचं लेखी उत्तर आल्यावरच ऑफर लेटरवर सही करा.