शेजारच्या बांधकामाची धूळ

प्रश्न : मुंबईत आमच्या इमारतीला लागून पुनर्विकासाचं काम चालू आहे. दिवसभर धूळ, आईला दमा आहे. काय करावं?

उत्तर : आधी बांधकामाभोवतीचे पत्रे बघा. महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांनुसार एक एकराहून मोठ्या जागेभोवती ३५ फूट, लहान जागेभोवती २५ फूट उंच पत्रे हवेत. बांधकामावर हिरवं कापड, राडारोड्यावर ताडपत्री. पण बरीच धूळ येते गेटवरून. ट्रकच्या टायरचा चिखल रस्त्यावर सुकतो, मग प्रत्येक गाडीमागे उडतो. चाकं धुतात का, ते विचारा. सकाळी एकदाच मारलेलं पाणी उन्हात टिकत नाही. तारीख-वेळेसह फोटो जोडून वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्याच. घरात झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत.