क्लोज झालं म्हणजे डिस्कवर गेलं असं नाही
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याचं बिलिंगचा प्रोग्रॅम लिहितोयस ना, मग आधी राइटने (फाइलमध्ये डेटा लिहिणारा कॉल) परत दिलेला आकडा बघ, म्हणजे किती बाइट गेले ते. ४०९६ बाइट दिले आणि १००० च गेले, तर उरलेले तूच पाठवायचे. क्लोजवर, म्हणजे फाइल बंद करणाऱ्या कॉलवर, विसंबू नकोस. डेटा तेव्हा बहुधा पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतच असतो, आणि आपल्याकडची लाइट तुला माहीत आहेच! क्लोजआधी एफसिंक कर, म्हणजे डेटा डिस्कवर उतरवायला लाव. ते फेल झालं तर नुसतं पुन्हा मारून खूश होऊ नकोस: लिनक्समध्ये कॅशमधली ती पानं (डेटाचे तुकडे) बहुधा क्लीन, म्हणजे डिस्कवर गेलेली, धरून मोकळी केलेली असतात. डेटा नव्याने लिही. एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या फाइल्स) कोटा, म्हणजे वाट्याची जागा, संपल्याची एरर कधीकधी क्लोजलाच कळते, तीही तपास. मात्र लिनक्सवर क्लोज फेल झाला तरी परत क्लोज मारू नकोस. डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा नंबर, तोवर सुटलेला असतो. तोच नंबर दुसऱ्या थ्रेडला (प्रोग्रॅमचा सोबत चालणारा भाग) मिळाला असेल, तर त्याची फाइल बंद करून बसशील.