नको असलेली भरती

प्रश्न : आमच्या घरात दोन पिढ्या फौजेत. परवा 'कॅरी ऑन सार्जंट' हा जुना ब्लॅक अँड व्हाइट इंग्लिश सिनेमा बघितला, हसून हसून पोट दुखलं. पण एक कळलं नाही, आमच्याकडे पोरं भरतीसाठी पहाटे उठून पळतात आणि यातल्या बहुतेकांना आर्मी नकोच आहे, मग आली कशाला?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं! दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'नॅशनल सर्व्हिस' होती, म्हणजे तरुण पोरांना सक्तीची लष्करी सेवा, आधी १८ महिने आणि कोरियाच्या युद्धामुळे १९५० पासून २ वर्षं. शेवटची भरती १९६० ला झाली. सिनेमा १९५८ चा, म्हणजे थिएटरात बसलेल्या कितीतरी जणांनी तेच बूट घासले असणार, तीच बराक झाडली असणार. आपल्याकडे फौजेत जायचं ते स्वतःच्या मर्जीने, म्हणून तुम्हाला ते खटकलं.

चार्ली सेजचं बघा ना, लग्नाच्या दिवशीच बोलावणं येतं, नवरा बराकीत आणि बायको बिचारी त्याच्यासाठी तिथल्याच कॅन्टीनमध्ये नोकरी धरते. मला ते बघताना हसू येतं आणि पोटात तुटतंही. आणि तो होरेस स्ट्राँग, आडनाव स्ट्राँग पण रोज नवीन आजार घेऊन डॉक्टरच्या दारात, केनेथ कॉनरने काय जीव ओतलाय त्यात!

पण मला सगळ्यात आवडतो तो सार्जंट ग्रिमशॉ. रिटायर व्हायला आलाय, शेवटची तुकडी पहिली आणीन म्हणून ५० पौंडांची पैज लावून बसलाय आणि वाट्याला आली ही पोरं. तेव्हा तो ठरवतो की नुसतं ओरडायचं नाही, गोडीने घ्यायचं. राग गिळताना विल्यम हार्टनेलचा जबडा कसा आवळतो ते बघा, डायलॉगची गरजच पडत नाही. हाच माणूस पुढे १९६३ ला 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतला पहिला डॉक्टर झाला.

यातूनच पुढे 'कॅरी ऑन' सिनेमांची मोठी मालिका निघाली, पण माझ्या मते इतकी माया नंतरच्यात नाही. पुन्हा लावाल तेव्हा घरच्या फौजींना शेजारी बसवा, परेडमध्ये कोणाचा पाय चुकला ते तुमच्याआधी तेच सांगतील.