'गणिताचे डोकेच नाही' हा समज बदलला तर गुण वाढतात का?

तुमची मुलगी दहावीत आहे, 'माझे डोके गणिताचे नाहीच' असे ती सतत म्हणते, आणि तिचा हा समज बदलल्याने गुण खरोखर वाढतील का, असे तुम्ही विचारले आहे. परळला मी बरीच वर्षे दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. वाढू शकतात, असे माझे उत्तर आहे. मात्र समज बदलल्यावर ती चुकलेल्या गणिताचे काय करते, यावर बहुतेक सारे अवलंबून असते.

तपासलेला पेपर हातात पडला की हे लगेच दिसते. एक मुलगी वरचा आकडा पाहते, पेपरची घडी घालून दप्तरात कोंबते आणि 'सर, मला माहीतच होतं' म्हणते. तिच्या शेजारची, तेवढेच गुण मिळालेली, मार्क कुठे कापले ते ओळीवर बोट ठेवून शोधते; वर्गसमीकरण सूत्राने सोडवताना तिची रीत बरोबर होती, फक्त विवेचक (b² − 4ac) काढताना वजा चिन्ह सुटले होते, हे तिला पाच मिनिटांत कळते. पहिलीची चूकही पुष्कळदा तीच असते, पण दोष डोक्याचाच आहे असे एकदा ठरवल्यावर ती शोधायचे कारणच उरत नाही.

या विषयातले ठळक नाव म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक. क्लॉडिया म्युलर यांच्यासह त्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या काही मुलांचे 'हुशार आहेस' म्हणून, तर काहींचे 'मेहनत घेतलीस' म्हणून कौतुक केले होते. मग सर्वांना मुद्दाम अवघड प्रश्न दिले, आणि त्यात अपयश आल्यावर पुन्हा पहिल्याइतकेच सोपे प्रश्न सोडवताना 'हुशार' ठरवलेली मुले मागे पडली. आपल्याकडे तर हुशारीचा शिक्का पहिलीतच बसतो, आणि 'आमच्या घरात कुणालाच गणित नाही' हे वाक्य पाहुण्यांसमोर हसतहसत सांगितले जाते. निदान मुलीच्या देखत ते टाळावे.

तरीही अपेक्षा माफक ठेवा. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतील नववीच्या सुमारे 12,000 विद्यार्थ्यांपैकी साधारण निम्म्यांना, बुद्धी वाढवता येते हे तासाभराहून कमी वेळात संगणकावर समजावले गेले; अभ्यासात मागे असलेल्यांची श्रेणी सरासरी 0.1 गुणांकाने सुधारली, तीही सुमारे चारच्या मोजपट्टीवर. एवढ्या कमी खर्चात हे वाईट नाही, पण 'सकारात्मक विचारांच्या' महागड्या शिबिरांवर पैसे घालवावेत इतकेही ते नाही.

नुसते 'मेहनत कर' म्हणणेही पुरत नाही, कारण चुकीच्या रीतीने तोच सरावसंच चार वेळा सोडवणारी मुलगी मेहनतच करत असते. चुकलेली गणिते एका वेगळ्या वहीत लिहून प्रत्येकाखाली चुकीचे कारण एका ओळीत नोंदवायला सांगा, आणि आठवड्याने तीच गणिते उत्तर न बघता पुन्हा सोडवू द्या. अवयव पाडण्यापाशीच अडत असेल, तर आठवीचे पुस्तक खुशाल काढा. बोर्डाच्या गणित भाग १ मध्ये, म्हणजे बीजगणितात, त्यावाचून फार पुढे जाता येत नाही. क्लास बदलायचा विचार असेल, तर निकालाच्या बॅनरवरचे टक्के पाहण्याआधी एवढेच विचारा, की चुकलेला पेपर ते मुलांकडून पुन्हा सोडवून घेतात का.